विश्लेषण : कॅल्टेक की काशी? कोल्हापूरच्या विष्णू नारळीकरांनी भारतात सापेक्षतेची शाळा कशी उभी केली?

नारळीकर हे नाव घेतले की महाराष्ट्राला डॉ. जयंत नारळीकर आठवतात. मात्र त्यांच्या आधीच्या पिढीत याच घरातील एक सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ केंब्रिज गाजवून भारतात परतला होता. जगातल्या बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी ज्या विषयाकडे पाठ फिरवली होती, तो विषय त्यांनी बनारसमध्ये २८ वर्षे जिवंत ठेवला. ते म्हणजे जयंतरावांचे वडील, प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर. त्यांच्या नावाचा तारा नाही की समीकरण नाही. तरीही भारतात आज सापेक्षता सिद्धांतावर जे काम होते, त्याचे धागेदोरे शोधत गेले की अनेकदा आपण त्यांच्यापर्यंत पोहोचतो. हे कसे घडले, परदेशातील संधी सोडून परतण्याची किंमत काय होती आणि त्यातून हाती काय लागले, याचा हा आढावा.

कोण होते विष्णू नारळीकर?

२६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. सांगलीपासून सुमारे ५० किलोमीटरवरचे हे शहर तेव्हा संस्थानची राजधानी होते आणि गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये त्यांनी बीएस्सी केले आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला गेले.

त्या काळात गणितात हुशार असलेल्या मराठी मुलासाठी केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा म्हणजे सर्वोच्च शिखर होते. या परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होणाऱ्याला रँग्लर म्हणत. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झाले आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. विष्णू नारळीकर विशेष गुणवत्तेसह रँग्लर झाले. खगोलशास्त्रातील प्रावीण्यासाठी दिले जाणारे टायसन पदक त्यांनी मिळवले आणि संशोधनासाठी रॅले पारितोषिकही पटकावले.

केंब्रिजमध्ये त्यांना काय गवसले?

तिथे त्यांचा संबंध आला सर आर्थर एडिंग्टन यांच्याशी. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांच्या प्रकाशाचा मार्ग सूर्याजवळ वाकतो हे मोजून आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला पहिला मोठा पुरावा देणाऱ्यांत एडिंग्टन आघाडीवर होते. सापेक्षतेवरचा त्यांचा १९२३ चा ग्रंथ त्या काळी या विषयाचा आधारग्रंथ मानला जाई. सर जोसेफ लार्मर यांच्यासारखे जुन्या पिढीतले दिग्गजही तेव्हा केंब्रिजमध्ये होते.

१९३० मध्ये आणखी एक भारतीय तरुण केंब्रिजला आला. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. चंद्रशेखर पुढे अमेरिकेत शिकागोला गेले, तिथेच राहिले आणि १९८३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. नारळीकर भारतात परतले. एकाच काळात एकाच विद्यापीठात असलेल्या या दोन हुशार भारतीयांचे रस्ते तिथून वेगळे झाले.

कॅल्टेक सोडून बनारस का?

केंब्रिजनंतर अमेरिकेतील कॅल्टेकला जाण्याची संधी नारळीकरांसमोर होती. ही संधी किती मोठी होती, हे समजण्यासाठी त्या वेळचे कॅल्टेक डोळ्यांसमोर आणायला हवे. जवळच्याच माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांनी १९२९ मध्ये आकाशगंगा एकमेकींपासून दूर जात असल्याचे दाखवले होते. रिचर्ड टोलमन तिथे सापेक्षतेतून विश्वाचे गणित मांडत होते. १९३१ मध्ये खुद्द आइन्स्टाइन तिथे येऊन गेले. विश्वरचनाशास्त्रात काम करू इच्छिणाऱ्या तरुणासाठी जगात याहून चांगली जागा क्वचितच असेल.

दुसरीकडे बोलावणे होते पंडित मदनमोहन मालवीय यांचे. त्यांनी उभारलेले बनारस हिंदू विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू झाले होते आणि मालवीय देशभरातून, परदेशातूनही तरुण अध्यापक हेरत होते. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते इंग्लंडला गेले होते. नारळीकरांना त्यांनी देऊ केले ते थेट गणित विभागाचे प्रमुखपद. नारळीकरांनी ते स्वीकारले. १९३२ मध्ये बनारसला रुजू झाले तेव्हा ते जेमतेम २३-२४ वर्षांचे होते.

आज सातारा-सांगलीतून दरवर्षी अनेक मुले अमेरिका, जर्मनीला शिकायला जातात. शिक्षण संपले की जावे कुठे, हा प्रश्न त्यांच्या घरात हमखास येतो. १९३२ मध्ये तो जास्त कठीण होता. एकदा परतल्यावर पुन्हा जाणे सोपे नव्हते. बोटीचा प्रवासच काही आठवड्यांचा होता आणि नवी संशोधनपत्रेही त्याच वेगाने यायची.

सापेक्षता म्हणजे नेमके काय आणि ती ओस का पडली होती?

आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेला व्यापक सापेक्षता सिद्धांत सांगतो की गुरुत्वाकर्षण ही दोरीने ओढल्यासारखी ओढ नाही. वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश आणि काळ यांची भूमितीच वाकते आणि वस्तू त्या वाकलेल्या भूमितीत सर्वांत सरळ अशा मार्गाने जातात. ही वक्रता किती, हे सांगणारी समीकरणे दहा आहेत. ती एकमेकांत गुंतलेली आहेत आणि एकरेषीय नाहीत. म्हणजे दोन उत्तरे बेरीज करून तिसरे मिळवता येत नाही. इंजिनीअरिंगच्या गणितात डिफरन्शियल इक्वेशनने ज्यांना छळले असेल, त्यांनी त्याची दहापट कल्पना करावी. तीही संगणकाशिवाय.

या सिद्धांताचा रोजच्या जगण्याशी संबंध आहे का? तुमच्या हातातल्या फोनमधला नकाशा त्यावरच चालतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्यांची घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि त्यांच्या वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंदांचा. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात अंतराची चूक ११ किलोमीटरच्या घरात जाईल. कऱ्हाडला निघालेली गाडी नकाशावर भलत्याच गावात दिसेल.

पण १९३० च्या दशकात उपग्रह नव्हते. सापेक्षता तपासायला बुधाची कक्षा, ग्रहणातला वाकलेला प्रकाश अशा मोजक्याच गोष्टी होत्या. त्याच सुमारास पुंजभौतिकी बहरली होती. अणू, इलेक्ट्रॉन, किरणोत्सर्ग यांत रोज नवे काही सापडत होते. हुशार तरुण तिकडे वळले. सापेक्षता ही सुंदर पण निरुपयोगी गोष्ट मानली जाऊ लागली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापासून १९५० च्या दशकापर्यंत हा विषय जवळपास ओस पडला. जगभर तो टिकला तो बहुतांशी गणित विभागांत. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत सापेक्षता आजही भौतिकशास्त्राऐवजी गणित विभागात शिकवली जाते, त्याची मुळे या काळात आहेत. नारळीकरही बनारसमध्ये गणिताचेच प्राध्यापक होते.

बनारसमध्ये त्यांनी काय केले?

सैद्धांतिक भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि चार चांगली पुस्तके पुरतात, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आणखी एक गोष्ट लागते आणि ती म्हणजे बोलायला दुसरा माणूस. आपण मांडलेल्या गणितात चूक दाखवणारा, कुठला प्रश्न सोडवण्याजोगा आहे हे ओळखणारा. केंब्रिजमध्ये असा माणूस शेजारच्या खोलीत भेटतो. बनारसमध्ये तो घडवावा लागणार होता.

नारळीकरांनी तेच केले. विभाग सांभाळला, वर्ग घेतले आणि सोबत सापेक्षतेवर संशोधन करणारा विद्यार्थ्यांचा गट तयार केला. याच काळात कोलकात्यातही निखिलरंजन सेन यांच्याभोवती सापेक्षतेचे काम सुरू होते. त्या काळच्या भारतात या विषयाची जी मोजकी केंद्रे होती, त्यांत बनारसचे नाव घेतले जाऊ लागले.

१९४२ मध्ये वैद्य बनारसला कसे आले?

या शाळेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे प्रल्हाद चुनीलाल वैद्य. जन्म १९१८, जुनागढ भागातील शापूरचा. मुंबईत गणित शिकून शिक्षकी करणाऱ्या या तरुणाला सापेक्षतेत काम करायचे होते. त्याने नारळीकरांशी संपर्क साधला आणि १९४२ मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीसह थेट बनारस गाठले. जवळ होती ती साठवलेली थोडी पुंजी. ती पुरेल तितके दिवस राहायचे, असा बेत होता. ती साधारण दहा महिने पुरली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छोडो भारत आंदोलन पेटले. बनारसही त्यात होरपळले. बाहेर देश ढवळून निघत असताना आत एक ३४ वर्षांचा प्राध्यापक आणि २४ वर्षांचा विद्यार्थी ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणावर काम करत होते.

नारळीकरांनी वैद्य यांना ज्या दिशेने वळवले, तो प्रश्न असा. १९१६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी गोल ताऱ्याबाहेरची अवकाश-काळाची भूमिती शोधली होती. त्यात एक गृहीतक होते. ताऱ्याबाहेर सगळे रिकामे आहे आणि ताऱ्याचे वस्तुमान कायम राहते. पण तारा तर प्रकाश देतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमान. आपला सूर्य केवळ प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो. म्हणजे ताऱ्याबाहेर रिकामी जागा नाही, तिथे बाहेर धावणारा प्रकाश आहे. त्या प्रकाशाचेही स्वतःचे गुरुत्वाकर्षण आहे. मग खऱ्या, प्रकाशणाऱ्या ताऱ्याबाहेरची भूमिती कशी असेल?

वैद्य यांनी याचे नेमके उत्तर काढले. त्याचा गाभा असा सांगता येईल. श्वार्झशिल्ड यांच्या उत्तरात वस्तुमानाचा आकडा स्थिर असतो. वैद्य यांच्या उत्तरात तो वेळेनुसार घटतो. दूर उभ्या असलेल्या निरीक्षकाला जाणवणारे वस्तुमान हे त्याच्यापर्यंत आत्ता पोहोचलेला प्रकाश ताऱ्यावरून निघाला, त्या क्षणाचे असते. म्हणजे वस्तुमान घटल्याची वार्ताही प्रकाशाच्या वेगानेच बाहेर पसरते. हे संशोधन १९४३ मध्ये बेंगळुरूच्या करंट सायन्स या नियतकालिकात छापून आले. आज ते वैद्य मेट्रिक म्हणून ओळखले जाते.

तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. सूर्याच्या एकूण वस्तुमानापुढे सेकंदाचे ४० लाख टन नगण्य आहेत, त्यामुळे व्यवहारात याचा उपयोग काय, असा प्रश्न होता. उत्तर मिळायला २० वर्षे लागली. १९६३ मध्ये क्वेसारचे रहस्य उलगडू लागले. अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असूनही प्रचंड ऊर्जा फेकणाऱ्या या वस्तू समजून घ्यायच्या, तर गुरुत्वाकर्षणाने कोसळणारे आणि त्याच वेळी ऊर्जा बाहेर टाकणारे पदार्थ गणितात बसवणे भाग होते. तेव्हा जगाला वैद्य यांचे समीकरण सापडले. कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आजही वापरले जाते.

नारळीकरांचे स्वतःचे संशोधन कोणते?

एक उदाहरण पुरेसे आहे. समजा, एकाच गावाचे दोन नकाशे आहेत. एक तलाठी कार्यालयातला जुना गटनकाशा आणि दुसरा फोनवरचा. एका नकाशात कोपऱ्यातले शेत ताणल्यासारखे दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. जमीन तीच आहे. मग तो ताण जमिनीचा की नकाशा काढण्याच्या पद्धतीचा?

सापेक्षतेत हाच प्रश्न सतत पडतो. अवकाश-काळाचे वर्णन करायला शास्त्रज्ञ स्वतःच्या सोयीची निर्देशक पद्धत निवडतात. समीकरणात एखाद्या ठिकाणी राशी अनंत होताना दिसली, तर तिथे खरोखर काही भयंकर आहे की नकाशाच बिघडला आहे, हे ठरवावे लागते. त्यासाठी अशा राशी हव्यात, ज्या कुठल्याही नकाशात तेवढ्याच येतात. चार मितींच्या अवकाश-काळात वक्रतेच्या अशा स्वतंत्र राशी १४ असतात. नारळीकर आणि त्यांचे सहकारी के. आर. करमरकर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस या १४ राशी प्रत्यक्ष लिहून दाखवल्या. पुढच्या संशोधकांनी या यादीत सुधारणा केल्या, पण सुरुवातीच्या प्रयत्नांत या जोडीचे नाव घेतले जाते.

करमरकर यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे एक अट मांडली. गोलाकार वस्तूभोवतीचा चार मितींचा वक्र अवकाश-काळ पाच मितींच्या सपाट अवकाशात बसवता येईल का, हे ती अट सांगते. अनेक दशके ती फारशी चर्चेत नव्हती. अलीकडच्या वर्षांत न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या अतिघन ताऱ्यांची प्रारूपे बनवणारे देशोदेशीचे संशोधक करमरकर अट याच नावाने ती वापरतात.

याच भागातून आणखी कोणी होते का?

होते. गणेश सखाराम महाजनी यांचा जन्म १८९८ चा, साताऱ्याचा. तेही केंब्रिजचे रँग्लर. लोखंडासारख्या धातूच्या स्फटिकाला एका दिशेने चुंबकत्व सहज येते आणि दुसऱ्या दिशेने कष्टाने, असे का होते, या प्रश्नाशी निगडित सैद्धांतिक निबंध त्यांनी लिहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीने तो १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. लोखंडाचा हा गुण आज ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांत वापरला जातो. स्फटिकांची सोपी दिशा एका रेषेत आणली की विजेची गळती कमी होते.

महाजनी भारतात परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे स्वातंत्र्याच्या वर्षी जयपूरला सुरू झालेल्या राजपुताना विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. देशाला तेव्हा संस्था चालवणारी माणसे हवी होती आणि परतलेल्या बहुतेक विद्वानांच्या वाट्याला तेच काम आले. त्यांचे संशोधन मागे पडत गेले. परतण्याची ही किंमत होती आणि नारळीकरांनाही ती काही प्रमाणात मोजावी लागली. १९६० मध्ये बनारस सोडल्यावर ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. अजमेरला मुख्यालय असलेल्या या आयोगात सरकारी पदांसाठी उमेदवार निवडण्याचे काम चालते. आइन्स्टाइनची समीकरणे सोडवणाऱ्या प्राध्यापकाची काही वर्षे त्यात गेली.

घरातल्या फळ्यांची गोष्ट काय आहे?

नारळीकरांचा विवाह कोल्हापूरच्याच हुजूरबाजार घराण्यातील सुमतीबाईंशी झाला. त्या संस्कृतच्या जाणकार होत्या. १९ जुलै १९३८ रोजी जयंत यांचा जन्म झाला, तोही कोल्हापुरातच. धाकटे अनंत पुढे अतिसंवाहकतेचे संशोधक झाले. सुमतीबाईंचे बंधू वसंत हुजूरबाजार संख्याशास्त्रज्ञ होते आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला.

बनारसच्या विद्यापीठ परिसरातील घरात नारळीकरांनी मुलांसाठी भिंतीवर दोन फळे लावून घेतले होते. दुसरे मामा, मोरूमामा, एमएस्सीसाठी तिथे राहायला आले, तेव्हा त्यांनी या फळ्याचा वेगळाच उपयोग सुरू केला. भाचा जयंत याच्यासाठी ते आव्हान म्हणून एक गणित फळ्यावर लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते पुसले जात नसे. जयंतरावांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आणि गणिताची गोडी लागण्याचे श्रेय या फळ्याला दिले.

१९५७ मध्ये बनारसमधून बीएस्सी करून जयंत केंब्रिजला गेले. त्यांनाही टायसन पदक मिळाले. साधारण ३० वर्षांच्या अंतराने बाप आणि लेक एकाच पदकाचे मानकरी ठरले. १९६० च्या दशकाच्या मध्यावर फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने जयंत यांचे नाव भारतात घरोघरी पोहोचले. त्यानंतर विष्णू नारळीकरांची ओळख बहुतेकांसाठी जयंतरावांचे वडील अशी झाली.

पुण्यात परतल्यावर काय झाले?

१९६६ मध्ये विष्णू नारळीकर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. साठी गाठत आलेल्या या प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी घेतले. त्यांपैकी एक राजस्थानातून आलेले नरेश दधीच.

त्याच सुमारास देशात विखुरलेल्या सापेक्षतेच्या अभ्यासकांना एकत्र आणण्याची गरज भासू लागली. नारळीकरांच्या षष्ट्यब्दीचे निमित्त साधून १९६९ मध्ये अहमदाबादला हे अभ्यासक जमले. वैद्य तेव्हा तिथल्याच गुजरात विद्यापीठात होते. तिथे व्यापक सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष नारळीकर झाले. १९४२ मध्ये या विषयावर बोलण्यासाठी वैद्य यांना कुटुंबासह बनारस गाठावे लागले होते. आता अभ्यासकांना नियमित भेटण्यासाठी हक्काचे व्यासपीठ मिळाले. ही संघटना आजही कार्यरत आहे.

१९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्याच परिसरात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक जयंत नारळीकर आणि दुसरे संचालक नरेश दधीच. एक मुलगा, दुसरा विद्यार्थी. आयुकाचे एक मुख्य काम म्हणजे देशभरातील विद्यापीठे आणि महाविद्यालयांत एकेकट्याने काम करणाऱ्या प्राध्यापकांना पुण्यात येऊन राहता यावे, ग्रंथालय वापरता यावे, चर्चा करता यावी, याची सोय करणे. बनारसमध्ये विष्णू नारळीकरांना जी उणीव भरून काढावी लागली, तीच आता एका संस्थेची जबाबदारी झाली. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आयुकाची स्थापना त्यांच्या हयातीतच झाली.

या साखळीचे पुढचे टोक कुठे आहे?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या यंत्रणेने गुरुत्वीय लहरी प्रथमच थेट टिपल्या. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने वर्तवलेली ही अवकाश-काळाची थरथर नोंदींच्या गोंगाटातून वेगळी काढण्याच्या पद्धतींवर आयुकातील संजीव धुरंधर यांनी अनेक वर्षे आधीपासून काम केले होते. त्यांचे सुरुवातीचे संशोधन कृष्णविवरांवरचे आणि त्यात त्यांचे सहलेखक होते नरेश दधीच. आता अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये लायगो-इंडियाच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. या प्रकल्पातील प्रमुख संस्थांत आयुका आहे.

मग त्यांचा निर्णय बरोबर होता का?

कॅल्टेकला गेले असते तर विष्णू नारळीकरांच्या नावाचा एखादा सिद्धांत असता का, हे सांगणे शक्य नाही. चंद्रशेखर परदेशात राहिले आणि त्यांच्या कामाची उंची वादातीत आहे. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी त्यांना लागणारे वातावरण त्यांना तिथे मिळाले. त्यांनी परतायला हवे होते, असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच नारळीकरांनी संधी घालवली, असे म्हणणेही.

हिशेब मांडायचा तर तो असा मांडता येतो. नारळीकर बनारसला नसते तर १९४२ मध्ये वैद्य यांना दहा महिन्यांची पुंजी घेऊन जायला भारतात फारशी जागा नव्हती. पुण्यात नसते तर दधीच यांची वाट वेगळी असती. शोधनिबंधांची यादी मोजताना हे कुठे नोंदले जात नाही. नेमणुका आणि बढत्यांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या गुणपद्धतीतही बोलायला दुसरा माणूस असणे या गोष्टीला फारसे गुण नाहीत.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. तिथल्या महाविद्यालयांत गणित आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांना आज आइन्स्टाइनची समीकरणे फोनवर मिळतात, व्याख्याने मिळतात आणि नवे शोधनिबंध प्रसिद्ध होतात त्याच दिवशी वाचता येतात. ग्रंथालयाची अडचण जवळपास संपली आहे. आपल्याच महाविद्यालयात त्या विषयावर बोलणारा एखादा शिक्षक मिळणे मात्र आजही तितकेच दुर्मीळ आहे. २८ वर्षे बनारसमध्ये विष्णू नारळीकरांनी नेमके तेच काम केले.